ध्वनियंत्रांचा वीजपुरवठा : जड कीं हलका ?



घरांतील गाण्याच्या यंत्राविषयीं बोलणें निघालें म्हणजे आपण कर्ण्याविषयीं बोलतों, ध्वनिवर्धकाविषयीं बोलतों, तबकडीवर फिरणाऱ्या सुईविषयींहि बोलतों. या सर्वांना वीज पुरविणारी जी एक पेटी मागें भिंतीशीं धूळ खात पडलेली असते, तिची आठवण मात्र ती बिघडल्यावांचून कोणास होत नाहीं. आज मला त्या पेटीविषयीं कांहीं सांगावयाचें आहे. बाजारांत या पेटीच्या दोन जाती मिळतात. एक हातांत घेतली तर जड लागते, दुसरी हलकी. जड पेटीला कारागीर लोक लिनिअर म्हणतात. हलकीला स्विचिंग, किंवा नुसतें एस्. एम्. पी. एस्., असें म्हणतात. गाण्यासाठीं यांपैकीं कोणती घ्यावी, असा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात, आणि बरींच वर्षें मी त्याला एका शब्दांत उत्तर देत असें. ती संवय कशी सुटली, ती हकीकत प्रथम सांगतों.

आमचें मूळ घर खानदेशांत, धुळें जिल्ह्यांतील नरडाणा या गांवीं. गांव मुंबई-आग्रा रस्त्यावरचें, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचें. अलीकडे तेथें औद्योगिक वसाहतहि झाली आहे. मी सांगतों ती गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वींची. त्या वेळीं घरांत माझे काका राहत. ते निवृत्त शिक्षक होते, आणि त्यांचे छंद दोनच होते. सकाळीं चहाच्या वेळीं मध्यम लहरींवर जळगांवचें आकाशवाणी केंद्र लावावयाचें, हा पहिला. तें केंद्र १९७६ सालीं सुरू झालें तेव्हांपासूनचा त्यांचा हा नेम होता. दुसरा छंद रात्रीं जेवणानंतर जुन्या तबकड्या ऐकण्याचा. बालगंधर्वांच्या व मास्टर कृष्णरावांच्या तबकड्या त्यांनीं जिवापाड जपल्या होत्या. त्यांचा जुना ध्वनिवर्धक एके दिवशीं कायमचा मुका झाला, तेव्हां मी पुण्याहून एक नवा, लहानसा ध्वनिवर्धक घेऊन गेलों. त्याच्याबरोबर हलकी पेटी आली होती. रात्रीं तबकडी लावली. आवाज स्वच्छ आला. काका संतुष्ट झाले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी आंघोळीस गेलों असतां बाहेरून हांक ऐकूं आली, "रेडिओ काबर खरखर करस रे भाऊ?" काका एरवीं माझ्याशीं शाळेंतली मराठी बोलत, अहिराणी बाहेर पडली म्हणजे प्रकरण गंभीर आहे हें मीं ओळखलें. रेडिओ त्याच फळीवर होता. जळगांव केंद्राच्या जागीं ओल्या लांकडाच्या शेगडीसारखा तडतडाट चालला होता. मीं ध्वनिवर्धकाच्या पेटीची पिन भिंतींतून काढली, आणि तत्क्षणीं निवेदकाचा आवाज स्वच्छ झाला. पिन लावली, तडतडाट सुरू. चोर सांपडला होता.

माझ्या एका शब्दाच्या उत्तराला पुरावा मिळाला असें मला वाटलें. त्याच दिवशीं मी धुळ्यास गेलों, बाजारांतून ट्रान्सफॉर्मर, डायोड, कंडेन्सर असें सामान आणलें, आणि दोन दिवसांत काकांना एक भरभक्कम जड पेटी करून दिली. रेडिओ शांत झाला, तबकड्या वाजूं लागल्या, आणि मी मोठ्या अभिमानानें पुण्यास परतलों.

पौष महिन्यांत काकांचा फोन आला. सायंकाळीं तबकडी लावली कीं गाण्याच्या खालून मधमाश्यांचें मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. रात्रीं दहानंतर तो आपोआप नाहींसा होतो. मी गेलों, आणि सायंकाळीं सात वाजतां भिंतींतील वीज मोजली. ती २३० व्होल्ट असावयास पाहिजे. मीटरनें १८० दाखविले. गांवांत दिवे लागले होते, पिठाची गिरणी चालू होती, शेतांतील पंप चालू होते. दिव्याकडे पाहूनहि तें कळत होतें. पण आम्ही सुशिक्षित लोक मीटरवांचून विश्वास ठेवीत नाहीं.

आतां या दोन्ही पेट्या आंतून कशा चालतात तें पाहूं. म्हणजे पहिली सकाळीं कां नापास झाली व दुसरी सायंकाळीं कां नापास झाली हें कळेल.

घरांत येणारी वीज सेकंदास ५० वेळां पुढें-मागें हेलकावे खाते. ध्वनिवर्धकाला मात्र एकाच दिशेनें, एकाच दाबानें वाहणारी वीज पाहिजे. जड पेटींत पहिला असतो लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर. तो २३० व्होल्टचे, समजा, १५ व्होल्ट करतो. पुढें चार डायोड त्या हेलकाव्यांना एकाच दिशेस वळवितात. असा वळविलेला प्रवाह सेकंदास १०० वेळां फुगतो आणि ओसरतो. पूर्वीं विहिरीवर मोट चाले ती आपणांपैकीं कांहींनीं पाहिली असेल. मोट एकदां रिकामी झाली कीं पुन्हां भरून वर येईपर्यंत पाणी नाहीं. पण मोटेचें पाणी थारोळ्यांत पडे, आणि थारोळ्यांतून पाटाला सारखें वाहत राही. या पेटींतील मोठा कंडेन्सर म्हणजे तें थारोळें. शेवटीं रेग्युलेटर नांवाचा लहान घटक असतो. थारोळ्यांतील पातळी वर-खालीं झाली तरी पाटांत नेमकें १२ व्होल्टच जातील अशी तो व्यवस्था ठेवतो, आणि जास्त असलेला दाब उष्णतेच्या रूपानें उधळून टाकतो.

येथें थोडा हिशेब करूं. १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा दाब लाटेच्या शिखरावर २१ व्होल्टच्या किंचित् वर जातो. डायोडांत दीड व्होल्ट जातो, उरले पावणेवीस. ध्वनिवर्धक एक अँपिअर प्रवाह घेत असेल व कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरडचा असेल, तर दोन लाटांच्या मध्यें पातळी सुमारें दोन व्होल्टनीं खालीं उतरते, म्हणजे पावणेअठरा. रेग्युलेटरला १२ देण्यासाठीं निदान १४ लागतात. पावणेअठरा आहेत; म्हणजे सर्व ठीक. आतां भिंतींतील दाब १८० झाला असें समजा. शिखर साडेसोळांवर येतें, डायोडांनंतर पंधरा उरतात, आणि दोन लाटांमधील खळग्यांत तेरा. रेग्युलेटरला हवे होते चौदा. खळगा आला कीं त्याचे हात टेकतात, आणि सेकंदास १०० वेळां येणारा तो खळगा तसाच्या तसा ध्वनिवर्धकांत शिरतो. काकांचें मोहोळ तें हेंच. रात्रीं गिरणी बंद झाली, दाब चढला, मोहोळ बसलें.

यावर एक उपाय कोणासहि सुचेल. ट्रान्सफॉर्मर १५ च्या ऐवजीं १८ व्होल्टचा घ्यावा. मग १८० वरहि पुरेसा दाब राहील. परंतु मध्यरात्रीं भिंतींत २५० व्होल्ट येतात तेव्हां काय होतें तें पाहा. रेग्युलेटरच्या तोंडाशीं सुमारें २५ व्होल्ट उभे राहतात, त्यांतले १२ पुढें जातात, आणि १३ उष्णता होऊन जळतात. म्हणजे उपयोगांत येते तिच्याहून जास्त वीज आपण पेटी तापविण्यांत घालवितों. आणि ही उष्णता नुसती विजेच्या बिलाची गोष्ट नव्हे. कंडेन्सरला उष्णता सोसत नाहीं. दर १० अंशांमागें त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. वैशाखांत धुळें-जळगांवकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा दिवसांत कपाटांत कोंडलेली तापट पेटी फार वर्षें जगत नाहीं.

आतां हलकी पेटी. ती हलकी कां, याचें कारण एका वाक्याचें आहे : ट्रान्सफॉर्मरमधील हेलकावे जितके जलद, तितका त्याचा गाभा लहान पुरतो. सेकंदास ५० हेलकावे असले तर किलोभर लोखंड व तांबें लागतें. तेच ५०,००० किंवा १,००,००० असले तर आगपेटीएवढा फेराइटचा गाभा पुरतो. म्हणून ही पेटी घरांतील वीज प्रथमच एकदिश करून टाकते, त्यामुळें तिच्या पोटांत सुमारें ३२५ व्होल्ट सांठतात; मग एक विजेचा खटका तो प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडतो व जोडतो; तो तुटक प्रवाह लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन पुन्हां एकदिश होतो. मोठ्या मोटेऐवजीं लाखों वाट्यांनीं पाणी उपसावें, तसा हा प्रकार आहे. वाटी लहान, म्हणून थारोळेंहि लहान पुरतें. शिवाय पुढें किती दाब जातो हें पेटी सारखें पाहत असते, आणि भिंतींतील दाब उतरला तर खटका अधिक वेळ बंद, म्हणजे जोडलेला, ठेवते. अशा पुष्कळ पेट्यांवर ९० पासून २६४ व्होल्टपर्यंत चालेल असें छापलेलें असतें, आणि चांगल्या पेटीच्या बाबतींत तें खरें असतें. नरडाण्याचे सायंकाळचे १८० व्होल्ट तिच्या खिजगणतींतहि नसतात. आंत आलेल्या विजेपैकीं शेकडा ८० ते ९० भाग ती पुढें पोंचविते. जड पेटींत तो भाग पुष्कळदां निम्म्याच्याहि आंत-बाहेर असतो.

मग दोष कोणता? दोष त्या तोडण्या-जोडण्यांत आहे. समजा खटका सेकंदास ६५,००० वेळां चालतो. हा स्वर आपल्या कानाला ऐकूं येत नाहीं. माणसाचा कान २०,००० च्या पलीकडे बहिरा. पण प्रवाह जेव्हां असा कुऱ्हाडीनें तोडल्यासारखा तुटतो, तेव्हां त्या संख्येच्या पटींतील अनेक लहरी उत्पन्न होतात. ६५ च्या पटी घ्या : ५८५, ६५०, ७१५, ७८० किलोहर्ट्झ. आणि आपल्या देशांत मध्यम लहरींची केंद्रें असतात तीं ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत! घरांतील विजेच्या तारा या लहरींना आयती गच्चीवरची एरिअल मिळाल्यासारख्या होतात. जळगांवच्या जागीं ओली शेगडी पेटली ती यामुळें.

परंतु हा दोष त्या तत्त्वाचा, कीं ती पेटी करणाराचा? याचें उत्तर आपल्या आजोबांच्या काळांत मिळतें. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हां आणि त्यानंतर कित्येक वर्षें खेडोपाडीं वीज नव्हती. त्या काळच्या रेडिओंतील व्हॉल्व्हना मोठा दाब लागे, आणि हाताशीं असे ६ व्होल्टचा अ‍ॅक्युम्युलेटर. तेव्हां मोटारींतील व बिनविजेच्या गांवांतील रेडिओंत व्हायब्रेटर नांवाचें एक नळकांडें बसवीत. त्यांत एक पोलादी पट्टी सेकंदास शंभराच्या आसपास वेळां थरथरून प्रवाह तोडी-जोडी, आणि तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून चढवून घेत. आजच्या हलक्या पेटीची ती आजीच म्हणावयाची. तिच्या प्रत्येक ठिणगीनें रेडिओंत खरखर होई. म्हणून करणारे लोक तिला धातूच्या डब्यांत रबराच्या किंवा स्पंजच्या गादीवर बसवीत, आणि आंत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तारेच्या वाटेवर चोक व कंडेन्सर यांचा पहारा ठेवीत. मगच तो रेडिओ गाऊं शके. खरखर उत्पन्न करणें अपरिहार्य होतें. ती डब्याबाहेर न जाऊं देणें हें त्यांचें काम होतें, आणि तें ते करीत.

आजच्या चांगल्या हलक्या पेटींत हाच पहारा असतो : धातूचें आवरण, तारांच्या तोंडाशीं दुहेरी वेढ्यांचा चोक, त्याच्या दोन्ही अंगांस कंडेन्सर. स्वस्त पेटींतून पहिल्यानें काढून टाकतात ते हेच चार-दोन घटक, कारण ते नसले तरी दिवा लागतो, फोन चार्ज होतो, आणि घेणाराला कांहीं कळत नाहीं. कळतें तें शेजारच्या घरांत रेडिओ ऐकणाराला. त्यानें पेटी घेतलेली नसते, त्याचे पैसे वांचलेले नसतात, आणि आपला रेडिओच जुना झाला अशी समजूत करून घेऊन तो बिचारा एक दिवस रेडिओ लावणें सोडून देतो. सरकारनें आज्ञा काढून अशा पेट्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची केली, तेव्हां तें चिन्ह पाहूनच पेटी घ्यावी. पण तें चिन्ह सुरक्षिततेचें आहे. शेजाऱ्याच्या रेडिओला तें अभय देत नाहीं, हें ध्यानांत असावें.

पहारा नीट असला तर हलकी पेटी उंची संगीतालाहि चालते, हें अनेकांनीं करून दाखविलें आहे. जपानच्या सोनी कंपनीनें १९७०-८० या दशकाच्या उत्तरार्धांतच कांहीं मोठ्या ध्वनिवर्धकांत ती बसविली होती. इंग्लंडांत १९८९ सालीं स्थापन झालेल्या कॉर्ड या कंपनीनें आपले भारी किंमतीचे ध्वनिवर्धक याच पद्धतीवर उभारले, आणि स्कॉटलंडांतील लिन कंपनीनेंहि ती स्वीकारली. तेव्हां हलकी पेटी म्हणजे हलका माल, हें माझें जुनें मत मीं सोडलें आहे.

मग जड पेटी निकालांत काढावी काय? तसेंहि नाहीं. तबकडीच्या सुईकडे पाहा. चुंबकीय सुईपासून जो विद्युत्संकेत मिळतो तो अवघा पांच मिलिव्होल्टचा. तो ऐकूं येण्याजोगा करण्यापूर्वीं पहिल्या पायरीवरच शंभरपट वाढवावा लागतो. त्यांतहि, तबकडीवर खर्जाचे स्वर मुद्दाम दाबून कोरलेले असतात, म्हणून ते वाढवितांना अधिक वाढवावे लागतात. सेकंदास ५० फेऱ्यांचा स्वर हजार फेऱ्यांच्या स्वराहून सुमारें सातपट अधिक. या पायरीवर पुरवठ्यांतून कणभर कुरकूर शिरली तरी पुढें तिचा पर्वत होतो. मोठ्या ध्वनिवर्धकाची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे येणारा संकेत आधींच सशक्त असतो, आणि नीट बांधलेला ध्वनिवर्धक आपल्या पुरवठ्यांतील मंद कुरकूर हजारांत एक भागापर्यंत खालीं दाबूं शकतो. पण जलद कुरकूर दाबण्याची त्याची शक्ति फेऱ्यांची संख्या वाढेल तशी कमी होत जाते; हलक्या पेटीची कुरकूर जलदच असते. म्हणून नाजूक पायरीला, म्हणजे तबकडीच्या सुईला व मायक्रोफोनला जी पहिली वाढ मिळते तिला, शांत जड पेटी द्यावी हें बरें.

आणि येथेंच या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. या नाजूक पायरीला प्रवाह किती लागतो? सुमारें २० मिलिअँपिअर. एका अँपिअरचा पन्नासावा हिस्सा. मघां आपण १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उष्णतेच्या भयानें बाजूस ठेवला होता. इतक्या थोड्या प्रवाहाला तो खुशाल घ्यावा. उधळपट्टी होईल ती पाव वॅटची. बोटालाहि ऊब लागणार नाहीं. आणि भिंतींतील दाब १६० वर उतरला तरी रेग्युलेटरचे हात टेकणार नाहींत, कारण थोड्या प्रवाहानें थारोळ्याची पातळी फारशी उतरतच नाहीं. जड पेटीचे सारे अवगुण मोठ्या प्रवाहांतून उत्पन्न होतात, आणि तिचे सारे गुण लहान प्रवाहांत कामास येतात. हलक्या पेटीचें नेमकें याच्या उलट आहे. तेव्हां जेथें संकेत नाजूक व प्रवाह थोडा, तेथें जड पेटी; जेथें संकेत सशक्त व प्रवाह मोठा, तेथें पहाऱ्याची हलकी पेटी. एकाच यंत्रांत दोन्ही असण्यास कांहींच हरकत नाहीं.

आतां विकत घेतांना किंवा मांडतांना उपयोगीं पडतील अशा कांहीं गोष्टी सांगतों.

हलकी पेटी घेतांना नुसत्या सरासरीवर जाऊं नये. गाण्यांत शांत आलापाला थोडी वीज लागते, आणि पखवाजावर थाप पडली कीं त्या क्षणापुरती दहा-वीसपट लागते. जड पेटी अशा वेळीं थोडी दबते, पण देते. हलक्या पेटीला मर्यादा ओलांडली असें वाटलें तर ती स्वतःच्या रक्षणासाठीं क्षणभर बंदच पडते, आणि समेवरची थाप गिळली जाते. म्हणून दोन्ही बाजू मिळून ५० वॅटचा ध्वनिवर्धक असेल तर पेटी १०० वॅटची घ्यावी. तिचें पोट रिकामें राहिलें तर बिघडत नाहीं. फारच रिकामें राहिलें तर मात्र कांहीं पेट्या मंद शीळ घालतात. तेवढें दुकानांत कान लावून पाहावें.

दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची. दुकानांत जातांना सेलवर चालणारा लहान मध्यम लहरींचा रेडिओ बरोबर न्यावा. दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागीं तो लावून ठेवावा, पेटी चालू करून तिच्याजवळ न्यावा, आणि मग हळूहळू दूर न्यावा. कोणतीहि हलकी पेटी वीतभर अंतरावर थोडी बोलते. हातभर अंतरावर गप्प झाली तर ती घरांत घ्यावी. खोलीच्या दुसऱ्या टोंकापर्यंत तिची बडबड चालू राहिली तर ती स्वस्त असली तरी घेऊं नये. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावें.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. हलक्या पेटीवर चालणाऱ्या यंत्राच्या धातूच्या कडेला हात लागला असतां कांहींना झिणझिण्या येतात. आंतील एका लहान कंडेन्सरमधून झिरपणारा तो अगदीं थोडा प्रवाह असतो. चांगल्या पेटींत तो अपायाच्या मर्यादेच्या पुष्कळ खालीं ठेवलेला असतो. तो जमिनींत जाण्यास वाट मिळाली नाहीं तर तबकडीच्या नाजूक तारेंतून वाट काढतो, आणि भुणभुण सुरू होते. तीन पिनांची पेटी, आणि भिंतींतील तिसरें भोंक खरोखरच जमिनीला जोडलेलें, एवढें पाहिलें कीं हा त्रास बहुधा मिटतो. कित्येक जुन्या घरांत तें तिसरें भोंक केवळ शोभेचें असतें.

चौथी गोष्ट जड पेटीची. तिच्या ट्रान्सफॉर्मरभोंवतीं चुंबकीय क्षेत्र असतें, आणि तबकडीची सुई तें सहज ओढून घेते. त्यावर कोणताहि कंडेन्सर चालत नाहीं. अंतर हाच उपाय. पेटी सुईपासून निदान दोन हात दूर ठेवावी, आणि तरीहि भुणभुण राहिली तर ती जागच्या जागीं थोडी फिरवून पाहावी. वळ्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर मिळाला तर अधिक चांगलें. त्याचें क्षेत्र बाहेर फार थोडें सांडतें.

पांचवी गोष्ट दुरुस्तीची. जड पेटी बिघडली तर तालुक्याचा कारागीर डायोड किंवा कंडेन्सर बदलून तासाभरांत ती उभी करतो, आणि वीस वर्षांनींहि ते घटक मिळतात. हलकी बिघडली तर बहुधा सगळीच बदलावी लागते. तिचें झांकण हौसेनें उघडूं नये. पिन काढल्यानंतरहि तिच्या पोटांतील कंडेन्सरांत ३२५ व्होल्ट कांहीं काळ दबा धरून बसलेले असूं शकतात. वीज गेल्यावर ज्या घरांत इन्व्हर्टर चालतो तेथें मात्र हलकी पेटी सोयीची. साध्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. तिच्यावर जड ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो व तापतो, हलकीला तिची फिकीर नसते.

आतां नरडाण्याच्या फळीवर शेवटीं काय झालें तें सांगून पुरें करतों. काकांच्या ध्वनिवर्धकाला मीं नवी हलकी पेटी दिली. तीन पिनांची, धातूच्या डब्याची, तोंडाशीं पहारा असलेली. ती परीक्षा देऊन आली होती. तबकडीच्या पायरीसाठीं मूठभर आकाराची एक जड पेटी केली, आणि ती फळीच्या दुसऱ्या टोंकाला ठेवली. अंगणांत एक नवी अर्थिंग घातली. उन्हाळ्यांत तिच्यावर रोज तांब्याभर पाणी घालण्याचें काम काकांनीं आपण होऊन पत्करलें. त्या सायंकाळीं मीटर १७८ दाखवीत होता. बालगंधर्वांची तबकडी लावली. तबकडीची जुनी खरखर होती, ती असावयाचीच. तिच्या खालीं मोहोळ नव्हतें.

सकाळीं मीं ध्वनिवर्धक मुद्दाम चालू ठेवला, आणि आंत जाऊन बसलों. चहाच्या वेळीं जळगांव केंद्र लागलें. काकांनीं कांहीं म्हटलें नाहीं. थोड्या वेळानें तेच केंद्र शेजारच्या घरांतूनहि ऐकूं येऊं लागलें. तेथील आजोबांनीं त्या पावसाळ्यांत, रेडिओ बिघडला म्हणून, तो माळ्यावर टाकून दिला होता असें मला नंतर कळलें. दोन घरांच्या मधली भिंत एकच होती, आणि विजेची तार खांबावरून दोन्ही घरांत एकच येत होती.